छोटी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी, ओंटॅरिओचा हिवाळा आणि विंटर टायरची निवड

प्रश्न विचारणाऱ्या ताई मार्चमध्ये पुण्याहून कॅनडात, ओंटॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला आल्या. नोकरी उत्तरेकडच्या बॅरी शहरात, आठवड्यातले चार दिवस, सकाळी सातची शिफ्ट. गाडी २०१६ ची होंडा फिट ईएक्स, ऑटोमॅटिक. टायर १८५/५५ आर १६ मापाचे ऑल-सीझन, नक्षी अजून चांगली शिल्लक आहे. कामावरचे लोक म्हणतात, ही एवढीशी गाडी विका आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही घ्या. त्यांनी विचारलंय: गाडी बदलायची का? विंटर टायर खरंच लागतात का, आणि लागत असतील तर कोणते? पैसे वाचवायला पुढचे दोनच घेतले तर? बर्फात चालवायचं कसं? आणि डिकीत वाळूची पोती टाकावीत का?

मी ओंटॅरिओत परवानाधारक मेकॅनिक आहे. दर नोव्हेंबरात टायर चढवणं आणि दर जानेवारीत ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करणं, हे माझं कितीतरी वर्षांचं काम आहे. त्या अनुभवावर सांगतो.

ताई, गाडी विकू नका. चारही चाकांना चांगले विंटर टायर घाला, जमलं तर वेगळ्या रिमवर. तुमची फिट बॅरीला व्यवस्थित जाईल आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वेळेवर थांबेल.

ऑल-व्हील-ड्राइव्हबद्दलचा गैरसमज आधी दूर करू, कारण नवीन आलेल्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी बर्फातून सहज सुटते, चढावर सहज चढते. हे खरं आहे. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, तुमच्या फिटलाही. थांबण्यात आणि वळण्यात ऑल-व्हील-ड्राइव्हचा हिस्सा जवळजवळ शून्य. तिथे काम करतो तो फक्त रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा, प्रत्येक चाकाखाली साधारण पोस्टकार्डाएवढा. ऑल-सीझन टायरवरची दोन टनांची एसयूव्ही सिग्नलवरून झोकात निघते आणि पुढच्या सिग्नलला थांबत नाही. स्नो पडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी खड्ड्यात उतरलेल्या गाड्या बघा, त्यात एसयूव्ही आणि पिकअप भरपूर दिसतील. चालवणाऱ्याला सुटताना पकड जाणवली, म्हणून थांबतानाही ती असेल असं त्याने धरलेलं असतं.

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह ही बर्फासाठी वाईट रचना नाहीच. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, त्यामुळे गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर असतं आणि तीच चाकं गाडी ओढतात. दोन मर्यादा मात्र आहेत. चढावर वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं हलकी होतात. आणि फिटचं पोट जमिनीजवळ आहे. रस्त्यावर वीसेक सेंटिमीटर ताजा बर्फ साचलेला असेल आणि प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारा ट्रक, येऊन गेला नसेल, तर गाडी बर्फावर पोटाने बसते, चाकं अधांतरी फिरतात. अशा सकाळी जगातला कुठलाही टायर उपयोगाचा नाही, प्लाऊची वाट बघायची. ४०० सारखा हायवे, म्हणजे बॅरीला जाणारा तुमचा मोठा रस्ता, सगळ्यात आधी साफ होतो, अडचण बहुतेक वेळा घरासमोरच्या गल्लीतच असते. ड्राइव्हवेच्या तोंडाशी प्लाऊ जो कठीण बांध टाकून जातो, तो फावड्याने काढूनच गाडी बाहेर काढा. जोरात नेऊन पार करायच्या नादात पुढचा बंपर आणि खालचं प्लास्टिक फुटतं.

आता टायर. तुम्ही लिहिलंय की नक्षी चांगली आहे. थंडीत नक्षीइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व रबराला असतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की ऑल-सीझन टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि उणे १५ ला ते रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत बसतच नाही. विंटर टायरचं रबर त्याच थंडीत मऊ राहतं. जानेवारीत रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या टायरांना अंगठ्याचं नख दाबून बघा: एकात थोडं रुततं, दुसऱ्यावरून घसरतं. शिवाय विंटर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. बर्फावर दाब आला की त्या उघडतात आणि शेकडो कडा बर्फाला पकडतात. खोल खाचांत बर्फ भरून बसतो, तोही उपयोगी, कारण बर्फाला बर्फच चांगला धरतो.

घट्ट गुळगुळीत आइसची गोष्ट वेगळी. शून्य अंशाच्या आसपास आइसवर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि टायर त्यावर तरंगतो. म्हणूनच उणे २० पेक्षा शून्याजवळचा आइस जास्त निसरडा असतो, हे नवीन माणसाला पटत नाही पण लक्षात ठेवा. हा थर शोषून घ्यायला काही कंपन्या रबरातच सूक्ष्म छिद्रं ठेवतात. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक याच गुणावर नावारूपाला आला. तो जपानमध्ये १९८८ साली आला. तिथल्या उत्तरेकडच्या शहरांत लोखंडी स्टड, म्हणजे बारीक खिळे, मारलेले टायर डांबर घासून इतकी धूळ उडवत होते की १९९० साली त्यांच्यावर कायद्याने बंदी आली आणि स्टडशिवाय आइसवर पकड देणारं रबर बनवण्यावाचून कंपन्यांना गत्यंतर उरलं नाही. फिनलंडच्या नोकियनचा इतिहास तर १९३४ चा, जगातला पहिला विंटर टायर त्यांचा, तोही ट्रकसाठी. आज दुकानात स्टडशिवायचे जे उत्तम टायर मिळतात ते या दोन थंड देशांच्या गरजेतून आलेत. स्टडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेल: दक्षिण ओंटॅरिओत त्यांना परवानगी नाही आणि ब्रॅम्प्टन, बॅरी दोन्ही दक्षिणेतच मोडतात.

टायरच्या बाजूवर काय बघायचं? तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी, हे चिन्ह. ते १९९९ पासून वापरात आहे. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, ते नक्षीच्या आकारावरून कंपनी स्वतःच छापते आणि तुमच्या आत्ताच्या ऑल-सीझन टायरवरही ते असण्याची दाट शक्यता आहे. पण डोंगराच्या चिन्हाचीही मर्यादा माहीत असू द्या. ती चाचणी दाबलेल्या बर्फावर टायर किती ओढ देतो एवढंच मोजते. आइसवर गाडी किती अंतरात थांबते, हे त्यात येत नाही. म्हणून ‘ऑल-वेदर’ नावाने मिळणारे, वर्षभर चालणारे टायर हे चिन्ह मिरवतात आणि ते खोटंही नसतं, तरी आइसवर ते खऱ्या विंटर टायरची बरोबरी करत नाहीत. टोरोंटोच्या मध्यवस्तीत राहणाऱ्या, वादळाच्या दिवशी घरून काम करू शकणाऱ्या माणसाला मी ऑल-वेदर आनंदाने सुचवतो. पहाटे साडेपाचला बॅरीच्या दिशेने निघणाऱ्या माणसाला नाही.

(जर्मनीतल्या वाचकांसाठी एक ओळ: तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत फक्त हे डोंगराचं चिन्हच ग्राह्य आहे, जुने ‘एम प्लस एस’वाले टायर आता चालत नाहीत. आणि क्यूबेकमध्ये तुमच्या गाडीची नोंदणी असेल तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. ओंटॅरिओत सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून चार विंटर टायर लावणाऱ्याला प्रत्येक विमा कंपनीने सवलत देणं बंधनकारक आहे. सवलत किती आणि कुठल्या तारखांसाठी, ते कंपनीगणिक बदलतं. पावती जपून ठेवा आणि फोन करून मागा, आपणहून ती लागतेच असं नाही.)

कोणता घ्यायचा, यावर सरळ मत देतो. वरच्या फळीत चार नावं: मिशेलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक डब्ल्यूएस ९०, नोकियन हाकापेलिट्टा आर ५ आणि कॉन्टिनेंटल वायकिंगकॉन्टॅक्ट ७. यातला कुठलाही घेतलात तरी पस्तावणार नाही. आइसवर ब्लिझॅक फार चांगला, पण त्याचं ते छिद्रांचं खास रबर साधारण निम्म्या खोलीपर्यंतच असतं. त्याखाली उरतं ते साधं हिवाळी रबर. शहरात कमी फिरणाऱ्याला याने फरक पडत नाही. तुमचा हिशेब वेगळा आहे. जाऊन-येऊन दिवसाला दीडशेहून जास्त किलोमीटर, आठवड्याला चार दिवस, पाच महिने, म्हणजे एका हिवाळ्यात तेरा-चौदा हजार किलोमीटर आणि तेही बरेचसे कोरड्या, मीठ टाकलेल्या हायवेवर. मऊ रबर अशा रस्त्यावर लवकर झिजतं. म्हणून तुमच्यासाठी माझी पसंती एक्स-आइस स्नो. तो झिजतो सावकाश, झिजल्यावरही पकड बरीच टिकवतो आणि हायवेवर आवाज कमी करतो. बजेट ताणलं जात असेल तर टोयो ऑब्झर्व्ह जीएसआय-६ किंवा जनरल अल्टिमॅक्स आर्क्टिक १२ घ्या. मधल्या किमतीतले हे प्रामाणिक टायर आहेत आणि कुठल्याही नव्याकोऱ्या ऑल-सीझनपेक्षा बर्फात कितीतरी सरस. कधीच न ऐकलेल्या नावाचा सगळ्यात स्वस्त टायर मात्र घेऊ नका, डोंगराचं चिन्ह असलं तरी. तसंच ‘परफॉर्मन्स विंटर’ या वर्गापासून दूर राहा. ते मध्य युरोपातल्या ओल्या, थंड, वेगवान रस्त्यांसाठी बनवलेले असतात.

वापरलेले टायर मिळत असतील तर बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. सहा वर्षांहून जुना विंटर टायर मी घेणार नाही, नक्षी कितीही खोल दिसो, कारण रबर वयानेही कडक होतं. खोली मोजायचं मापक चार-पाच डॉलरला मिळतं. नव्या टायरची खोली आठ-नऊ मिलिमीटर असते आणि ४ मिलिमीटरच्या खाली तो बर्फासाठी संपला, मग कायद्याने चालत असला तरी.

माप. तुमच्या १६ इंची रिमचे टायर महाग पडतात आणि निवडही कमी. याच पिढीच्या फिटच्या खालच्या ट्रिमला, म्हणजे स्वस्त आवृत्तीला, कंपनीकडूनच १५ इंची चाकं येतात, १८५/६० आर १५ मापाची. म्हणजे ती तुमच्या ब्रेकवर बसतात. १५ इंची साध्या लोखंडी रिमचा संच घ्या आणि टायर १८५/६० आर १५ किंवा त्याहून अरुंद १७५/६५ आर १५ घाला. दुसऱ्याचा व्यास तुमच्या आत्ताच्या चाकाच्या व्यासाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, ६०८ आणि ६१० मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर चढू बघतो. उंच बाजूचा टायर मार्चमधल्या खड्ड्यांत रिमही वाचवतो. वेगळ्या रिमचा खर्च पहिल्या वर्षी डोळ्यांवर येतो, पण दर सहा महिन्यांनी टायर उतरवून चढवायची मजुरी वाचते आणि टायरची कड सारखी ताणली जात नाही. शिवाय मिठाने तुमचे अलॉय गंजत नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट, जी दुकानातही कधी कधी सुटते. होंडाच्या मूळ नटांचं टोक गोलाकार असतं. बाहेरच्या कंपनीच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे नट लागतात. गोल टोकाचा नट शंकूच्या खाचेत आवळला तर वरून घट्ट वाटतो, आतून टेकलेला असतो नुसत्या एका कडेवर, आणि चालता चालता सैल होतो. नवीन रिमबरोबर नवीन नटही मागा. आवळायचं माप १०८ न्यूटन-मीटर, म्हणजे ८० फूट-पाउंड. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर परत एकदा टॉर्कच्या पान्याने तपासून घ्या. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढच्या दिशेलाच आहे ना, हे दुकानातून निघण्याआधी चारही चाकांना फिरून स्वतः बघा.

आता दोनच टायरचा प्रश्न, आणि यावर मी कुठलीही तडजोड करत नाही. पुढे विंटर आणि मागे ऑल-सीझन, अशी गाडी मला कोणी बसवायला सांगितली तर मी बसवत नाही. कारण असं: समजा तुम्ही हायवेवरून उतरताय, एक्झिटचा रॅम्प गोल वळतोय, वरती पातळ बर्फ. वेग थोडा जास्त वाटला म्हणून तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेकला हलका स्पर्श केला. गाडीचं वजन पुढे झुकलं. पुढचे मऊ टायर रस्ता घट्ट धरतात. मागची चाकं आधीच हलकी, त्यांवर कडक रबर, ती पकड सोडतात आणि गाडीची शेपटी बाहेर फिरते. क्षणात तुम्ही उलट्या दिशेला तोंड करून उभ्या. चारही ऑल-सीझन असते तर गाडी निदान सरळ घसरली असती, तिचा अंदाज तरी आला असता. दोन टायरचे पैसे वाचवून तुम्ही गाडी आधीपेक्षा जास्त धोकादायक करता. ओंटॅरिओत टक्कर विम्याचं डिडक्टिबल, म्हणजे दुरुस्तीतला आपण स्वतः भरायचा हिस्सा, सहसा ५०० किंवा १००० डॉलर असतं. बाकीच्या दोन टायरची किंमत त्याच्यापुढे ठेवून बघा.

लावायचे कधी? दिवाळीचा फराळ संपायच्या आत लावा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला काढा. गुढीपाडव्याला काढू नका, इथे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हमखास एकदा तरी बर्फ पडतो. पहिला स्नो पडल्यावर दुकानात दोन-तीन आठवडे नंबर लागत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच वेळ ठरवा. नवीन टायरवर पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवा, वरचा गुळगुळीत थर झिजेपर्यंत पूर्ण पकड येत नाही. आणि हवा: गराजमध्ये २० अंशांत भरलेली ३२ पीएसआय हवा उणे १५ ला २६-२७ वर येते. टायर पंक्चर नसतो, हवा आकसलेली असते. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, बाहेरच्या बाहेर मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरइतकी भरा. बर्फात पकड वाढावी म्हणून हवा कमी करायची जुनी युक्ती कोणी सांगेल, ती वाळूतल्या जीपसाठी होती.

चालवण्याकडे येतो. आधी आकडे, कारण यातले अंतराचे अंदाज आपल्याला भारतातल्या रस्त्यांनी दिलेले नाहीत. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक मारल्यावर बारा-तेरा मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर ढोबळ हिशेबाने चाळीसच्या आसपास. चकचकीत आइसवर शंभराच्या जवळ. वेग दुप्पट केला की अंतर चौपट होतं. चांगला टायर हे आकडे कमी करतो, पण कोरड्या रस्त्याच्या जवळ नेत नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून सहा-सात सेकंदांचं अंतर ठेवा: ती एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा. पुण्यात एवढी जागा सोडली की तिथे दोन रिक्षा आणि चार स्कूटर शिरतात, त्यामुळे जागा न सोडण्याची सवय अंगात मुरलेली असते. इथेही कोणीतरी शिरेल. शिरू द्या, आणि परत मागे राहा.

टायरची पकड एका वेळी एकाच कामाला पुरते असं समजून चालवा. ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. वळताना फक्त वळा. ॲक्सिलरेटर वळण संपल्यावर. फ्रंट-व्हील-ड्राइव्हमध्ये हे जास्तच लागू, कारण ओढणं आणि वळणं दोन्ही त्याच दोन चाकांवर आहे.

पुढची चाकं घसरायला लागली की पहिली खूण हातात मिळते. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, फिरवलेलं असतं पण गाडी सरळच जात राहते. अशा वेळी मन म्हणतं अजून फिरव. फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, उलट स्टिअरिंग थोडंसं सरळ करा आणि अर्धा सेकंद थांबा. चाकं परत फिरायला लागली की पकड येते आणि स्टिअरिंगमध्ये वजन परत जाणवतं. मागची बाजू घसरली तर ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. नजर जिथे जायचंय तिकडे ठेवायची, समोरच्या खांबाकडे नाही, आणि स्टिअरिंग त्याच दिशेला. तुमच्या गाडीतली स्थिरता यंत्रणा, होंडा तिला व्हीएसए म्हणते, बाकीचं काम करते. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकला तर समजा तिने आत्ताच तुम्हाला सावरलं आणि वेग तिथल्या रस्त्याला जास्त आहे.

ब्रेक पंप करायची सवय असेल तर मोडा. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत संकटाच्या वेळी पेडल पूर्ण दाबून धरायचं. पायाखाली थरथर होते, करकर आवाज येतो, बरेच जण घाबरून पाय उचलतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. पेडल दाबलेलं ठेवा आणि गाडी वळवून अडथळा चुकवा, एबीएस आहे ते त्यासाठीच. हे सगळं वाचून येत नाही. पहिल्या स्नोनंतर एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये, जागेच्या मालकाची हरकत नसेल तिथे, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने मुद्दाम पूर्ण ब्रेक मारा, मुद्दाम घसरू द्या. पायाला ती थरथर एकदा ओळखीची झाली की हायवेवर पाय उचलला जात नाही.

तुमच्या रस्त्याबद्दल खास. ब्रॅम्प्टनला आकाश कोरडं आहे म्हणजे बॅरीला कोरडं आहे असं धरू नका. ह्युरॉन सरोवर आणि जॉर्जियन बे यांच्या उबदार पाण्यावरून थंड वारा येताना बाष्प उचलतो आणि जमिनीवर येताच बर्फ टाकतो. त्याच्या पट्ट्या अरुंद असतात. ब्रॅडफर्डजवळ हॉलंड मार्शची सपाट शेती लागते, तिथे वारा अडवायला काही नाही, आणि पुढे इनिसफिलपर्यंत काही सेकंदांत समोरचं सगळं पांढरं होऊ शकतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये याच भागात, बॅरीच्या दक्षिणेला, अशाच व्हाइटआउटमध्ये नव्वदहून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या. तिथे टायरचा काही उपयोग नसतो, दिसतच नाही तर थांबणार कशासाठी? निघण्याआधी ओंटॅरिओ ५११ या सरकारी रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती आणि कॅमेरे बघा. दूरवर पांढरी भिंत दिसली तर तिच्यात शिरण्याआधीची एक्झिट घ्या. आत सापडलातच तर वेग हळूहळू कमी करा, लेनमध्ये थांबू नका, मागचा तुम्हाला बघू शकत नाही.

आणि हेडलाइटचं बटण हाताने पूर्ण चालू करा. तुमच्या गाडीचे दिवसाचे दिवे आपोआप लागतात, पण ते फक्त पुढचे. मागचे लाल दिवे त्यांच्याबरोबर लागत नाहीत. मागचे दिवेही आपोआप लागावेत, नाहीतर डॅशबोर्ड काळोखा राहावा, हा कॅनडाचा नियम सप्टेंबर २०२१ पासून बनलेल्या गाड्यांसाठी आहे. बर्फाच्या धुरळ्यात मागून तुमची गाडी अदृश्य असते आणि डॅशबोर्ड उजळलेला असल्यामुळे तुम्हाला ते कळत नाही.

ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावरचा न दिसणारा आइसचा पातळ थर, ओळखायची एक युक्ती हायवेवर नेहमी उपयोगी पडते. रस्ता ओला दिसतोय आणि पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडताहेत, तोवर ठीक. रस्ता तसाच ओला दिसतोय पण तुषार थांबले, म्हणजे ते पाणी गोठलंय. पूल आणि फ्लायओव्हर आधी गोठतात, कारण थंडी वरून आणि खालून दोन्हीकडून लागते. साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत मीठ टाकलेला रस्ताही भरवशाचा नाही. निळे दिवे लुकलुकणारा प्लाऊ पुढे असेल तर त्याच्या मागेच राहा. त्याच्या मागचा रस्ता त्या वेळी ओंटॅरिओतला सगळ्यात चांगला रस्ता असतो.

गाडी फसली तर ॲक्सिलरेटर दाबून चाकं फिरवत बसू नका, त्याने बर्फ वितळून खाली काचेसारखा गुळगुळीत आइस तयार होतो. आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर आत येतो. हे काम गाडीत हीटर लावून मदतीची वाट बघतानाही पुन्हा पुन्हा करायचं. मग पुढच्या चाकांसमोरचा आणि पोटाखालचा बर्फ फावड्याने काढा, स्टिअरिंग सरळ करा, व्हीएसएचं बटण दाबून धरून बंद करा, कारण चाक थोडं फिरू द्यावं लागतं. मग अगदी हलक्या पायाने थोडं पुढे, थोडं मागे. गिअर बदलताना गाडी पूर्ण थांबू द्या, तुमचा गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे दात्यांऐवजी पट्ट्यावर चालणारा, आहे आणि त्याला हे झोके घाईने दिलेले सोसत नाहीत. सुटलात की व्हीएसए परत चालू.

राहिली वाळूची पोती. ती मागच्या चाकांनी चालणाऱ्या पिकअपसाठी आहेत, ज्यांची ओढणारी चाकं रिकाम्या हौद्याखाली हलकी असतात. तुमची ओढणारी चाकं पुढे आहेत. मागे शंभर किलो टाकलेत तर पुढचा भार थोडा कमीच होईल आणि थांबवायचं वजन वाढेल. एक लहान पिशवी खडबडीत वाळूची ठेवा, चाकाखाली टाकायला. तिच्याबरोबर घडीचं फावडं, बर्फ झाडायचा लांब ब्रश, जंपर केबल, एक जाड पांघरूण, हातमोजे, फोनचा चार्जर आणि उणे ४० पर्यंत न गोठणाऱ्या वॉशर द्रवाचा एक जादा कॅन. वॉशरच्या टाकीत आत्ता साधं पाणी असेल तर ते ऑक्टोबरातच काढून टाका. गोठलं की टाकी आणि पंप दोन्ही फुटतात, आणि ४०० वर पुढच्या ट्रकने उडवलेला मिठाचा चिखल काचेवर बसला की वॉशरशिवाय काहीही दिसत नाही.